टूरिंगवाले आणि माझं वायरिंगचं टेबल

मी सांगितलं होतं. पहिल्यापासून सांगत होते. एकानं तरी विश्वास ठेवला असेल तर शपथ!

गॅरेजमध्ये एक डबा असतो. गाडी खोलली, परत जोडली, की एखादा नट, एखादा वॉशर उरतोच. कुठला ते कुणाला आठवत नाही. फेकवतही नाही. टाका डब्यात! किस्स्यांचं तसंच आहे. गाडी चालू होऊन निघून जाते, गाडीवाला हसत निघून जातो, आणि जे उरतं ते माझ्या मनात साचतं. आता झाकण बसत नाही, म्हणून उपडं करते. कुणाला बोचलं तर बोचू द्या.

आमचं गॅरेज भिलाईत, खुर्सीपारात. बोर्डावर 'रूपाली ऑटो'. रूपाली आमची पोरगी. इंजिनचं काम आमचे हे करतात, वायरिंग मी करते. मी चौथी शिकलेली. पण हथखोजच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायला होते, तो बंद पडेपर्यंत. लाल कुठं जातो, काळा कुठं जातो, हे मला तिथं कळलं. कारखाना बंद झाला तेव्हा गॅरेजच्या कोपऱ्यात एक टेबल टाकलं. सोल्डरिंगची कांडी, टेस्ट लॅम्प, फ्यूजची डबी. घर सासूचं, गॅरेज नवऱ्याचं, बोर्ड पोरीच्या नावाचा. टेबल तेवढं माझं. त्याच्यासाठीच हा सगळा जीव आटवला मी.

आणि मग आले टूरिंगवाले!

भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमधले साहेब लोक, बाबू लोक. पन्नाशीला आले आणि यांना मोठ्या मोटारसायकली घ्यायची हुक्की आली. क्लब काढला. दर रविवारी गुडघ्याला वाट्या बांधून, कोपराला वाट्या बांधून निघायचे. लढाईलाच चाललेत जसे! आणि प्रत्येकाला हँडलवर जीपीएस पाहिजे. मोबाईल नाही चालत, बरं का. मोबाईल उन्हात तापतो, जंगलात रेंज जाते. रस्ता दाखवणारा वेगळा डबा पाहिजे, त्याचा वेगळा क्लॅम्प, वेगळी वायर.

ती वायर कुणी ओढायची? मीच!

* * *

पहिला जीपीएस आणला खानझोडे साहेबांनी. क्लबचे अध्यक्ष. मूळचे वर्ध्याकडचे, प्लांटमध्ये मोठ्या पोस्टवर. खोका दोन्ही हातांत धरून आले, प्रसाद आणल्यासारखा.

"मिस्त्री," यांना म्हणाले, "नाजूक वस्तू आहे. तुम्ही स्वतः हात लावा. दुसऱ्या कुणाला देऊ नका."

दुसरं कुणी म्हणजे मी. समोरच बसले होते.

"हाव साहेब, मीच करतो," हे म्हणाले. साहेब चहाला गेले. यांनी खोका उचलला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "करून टाक पटकन."

मी हेडलाइट उतरवला, टाकीखालून वायर नेली, सीटखाली फ्यूज बसवला. साहेब परत आले तेव्हा मी साडीवर जुना शर्ट चढवून गाडीच्या पोटाखाली उताणी. हे वरून टॉर्च धरून उभे. किल्ली फिरवली, स्क्रीन पेटली.

"वा मिस्त्री! काय हात आहे तुमचा!" साहेब म्हणाले.

हात टॉर्चला होता!

मी गाडीखालून निघाले, तोंडावर ग्रीस, केसात माती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. म्हटलं चला, आता तरी काही बोलतील. बोलले.

"वहिनी, एक ग्लास थंड पाणी मिळेल का?"

* * *

त्यांचं पाहून ठवकर बाबू आले. हे क्लार्क. स्वभाव घाबरट, पण गाडी मात्र सगळ्यांत उंच. उभी करताना पाय पोचत नाही, म्हणून फुटपाथ शोधत फिरतात.

"वहिनी, आमचा डायरेक्ट बॅटरीवर लावा. किल्लीची भानगड नको. चोवीस तास चालू पाहिजे."

"बाबू, तसं नाही करत," मी म्हणाले. "गाडी उभी राहिली तरी हा डबा बॅटरी पीत राहते. किल्ली बंद झाली की हा बी बंद झाला पाहिजे. नाही तं सकाळी बॅटरी उतरून राहीन."

"कंपनीनं एवढा महाग बनवला, तो बॅटरी पिणार?"

"म्हैस बी महाग असते. पाणी पीत नाही का?"

त्यांना राग आला. सुपेल्यातल्या एका दुकानात गेले आणि तिथं डायरेक्ट लावून आले.

रविवारी सकाळी क्लब जमला. खानझोडे साहेबांनी शिट्टी फुंकली, सगळ्यांच्या गाड्या गुरगुरल्या. ठवकर बाबूंची नुसती टिक टिक. मग काय, गुडघ्याला वाट्या, अंगात जाकीट, डोक्यावर हेल्मेट, आणि एवढी धूड गाडी ढकलत खुर्सीपारच्या भाजी बाजारातून आमच्या गॅरेजपर्यंत! एका भाजीवालीनं विचारलंच, "का होगे बाबू, घोड़ा थक गे का?"

गॅरेजमध्ये आले ते घाम पुसतच. मला वाटलं म्हणतील, वहिनी, तुमचं बरोबर होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "कामाला निघालेल्या माणसाला असं बोलू नये. तुम्ही 'उतरेल' म्हणाल्या, म्हणूनच उतरली! तुमची जीभच काळी आहे."

आणि यांच्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, तक्रार म्हणून नाही सांगत. पण बाईमाणसानं गाडीबद्दल अभद्र बोलू नये."

हे काय म्हणाले? "समजावतो तिले."

वायर सुपेल्याची, अक्कल बाबूंची, तक्रार माझी. ही पहिली!

* * *

विश्वकर्मा पूजेला आमच्याकडे गर्दी असते. भिलाईत त्या दिवशी लेथपासून पान्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. क्लबवाल्यांनी ठरवलं, गाड्यांची पूजा आमच्याच गॅरेजमध्ये. खानझोडे साहेबांच्या मिसेस ताट घेऊन आल्या. गाडीला हार, चाकाखाली लिंबू, इथपर्यंत ठीक. मग त्यांनी नारळ फोडला आणि पाणी धरलं थेट जीपीएसवर!

"अवो ताई, थांबा!" मी पन्नी घेऊन धावले. "त्याच्या खाली पिनचं तोंड उघडं आहे. पाणी आत जाईन. मी पन्नी बांधते, मंग करा पूजा."

मिसेस खानझोडे माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जशी मी देवाच्या तोंडात माती घातली.

"पूजेला प्लास्टिक? तुमच्याकडे देवाला पन्नी गुंडाळून नैवेद्य दाखवतात का?"

सगळे हसले. अर्धा नारळ आत गेला. वर कुंकवाचं बोट स्क्रीनच्या मधोमध.

पुढच्या रविवारी क्लब खैरागडला निघाला. खानझोडे साहेब पुढे, बाकीचे मागे. नारळाच्या पाण्यानं चिकट झालेली स्क्रीन आपोआप दाबली जात होती. ती डावं म्हणाली की हे डावे, उजवं म्हणाली की उजवे. खैरागडला निघालेले पोचले अहिवाऱ्याच्या बाजूला, चुनखडीच्या खाणीच्या काठावर!

चौकीदार धावत आला. "साहब, आगे रोड नहीं है. गड्ढा है."

"लेकिन जीपीएस में तो रोड है!" साहेब म्हणाले.

"तो फिर जीपीएस में ही चले जाओ!"

हे मला ठवकर बाबूंनीच सांगितलं, पोट धरून हसत. पण साहेब हसले नाहीत. सोमवारी गाडी माझ्यासमोर उभी. "वायरिंगमध्ये गडबड आहे."

मी पिनचं तोंड उघडलं. आत मुंग्या. लाल, भरगच्च, रांग लागलेली. नारळाचं पाणी गोड असतं, वायर गोड नसते! मी साहेबांना हात धरून दाखवायचं तेवढं बाकी ठेवलं.

"पहा साहेब. मुंग्या."

साहेब वाकले, चष्मा वर केला, नीट पाहिलं. प्लांटमध्ये एवढी वर्षं मशिनी पाहिलेला माणूस! म्हटलं आता कळेल.

"म्हणजे वायरिंग पक्कं नव्हतं," ते म्हणाले. "पक्कं असतं तर मुंग्या शिरल्याच नसत्या."

ही दुसरी तक्रार. साहेब गेल्यावर यांनी पाना खाली आपटला.

"माहा धंदा बुडवून राहिली तू! क्लबवाले गेले तं मले कोण विचारते? आता एक तक्रार आली, एक, तं हे टेबल उचलून भंगारात देतो. तू घरी बस."

"माही चूक कोणती, ते तं सांगा."

"चूक कोणाची का असंना. तक्रार तुह्याच कामाची येते."

त्या दिवसापासून मी प्रत्येक गाडी अशी तपासायला लागले, जशी आई पोराच्या डोक्यात उवा तपासते. एकही तक्रार येऊ द्यायची नव्हती. टेबल गेलं तर मी कोण? चुलीपुढची एक बाई. तशा खुर्सीपारात गल्लीगल्लीला आहेत.

* * *

मधेच एक साहू. अहिवाऱ्याचा. खाणीवर ट्रक चालतात त्याचे, तरी क्लबात. माणूस दिलदार, डोकं ट्रकसारखंच. सरळ जाणारं.

जीपीएस हँडलवर बसवायला रबर लावलेला क्लॅम्प लागतो. गाडी थरथरते ना, रबर ते थरथरणं पिऊन टाकतं. मी साहूला तसा क्लॅम्प दाखवला. त्यानं बोटानं दाबला आणि तोंड वाकडं केलं.

"ये क्या भौजी, चप्पल का सोल? हम भिलाई वाले हैं!"

गेला आणि हथखोजवरून जाड लोखंडी अँगलचा क्लॅम्प बनवून आणला. बनवून नुसता नाही, हँडलला वेल्डिंगच मारून आणलं! आमच्या गावाचा हा रोगच आहे. काही ढिलं झालं की वेल्डिंग. दार ढिलं, वेल्डिंग. पाळणा ढिला, वेल्डिंग. बॅटरीची वायर न काढता वेल्डिंग मारलं असणार, कारण इंडिकेटर तेव्हापासून दोन्ही बाजूंचे एकदम लागायचे.

"साहू, हे थरथरून डबा फुटते," मी म्हणाले.

"कुछु नइ होय भौजी!"

महिनाभरात धमध्याच्या रस्त्यावर गाडी घसरली. साहूला खरचटलं, जास्त नाही. गाडी ओढत आणली. टाकी चेपलेली, आरसे गेलेले, हेडलाइट फुटलेला, जीपीएस नालीत पडून वाहून गेलेला.

साहू मात्र खूश! लंगडत आला आणि मला हँडल दाखवलं.

"देखो भौजी! क्लॅम्प को एक खरोंच नहीं!"

तेवढं बोलून यांच्या कानाशी गेला. मला ऐकू येईल एवढ्या हळू आवाजात म्हणाला, "उस्ताद, वायर थोड़ी मजबूत डालनी थी. डब्बा वायर से लटक जाता, तो बच जाता."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं फक्त.

* * *

एका दुपारी ठवकर बाबूंच्या मिसेस आल्या. एकट्या. गॅरेजमध्ये हे नाहीत असं पाहूनच आल्या.

"मला माहीत आहे, वायरिंग तुम्हीच करता," त्या म्हणाल्या.

माझे कान टवकारले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. "कोणी सांगतलं?"

"आमच्या ह्यांनीच. घरी म्हणतात, मिस्त्रीला काही येत नाही, सगळं बाईच करते."

बघा! घरी माहीत आहे! सगळ्यांना माहीत आहे! गॅरेजच्या दारात आले की विसरतात.

मी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. म्हटलं बसा ताई, बोला. त्यांनी पर्समधून काडेपेटीएवढी डबी काढली. ही रस्ता दाखवणारी नव्हती, माणूस दाखवणारी होती. गाडीत लपवून ठेवायची, गाडी कुठं आहे ते मोबाईलवर दिसतं.

"हे दर रविवारी म्हणतात, दोनशे किलोमीटर गेलो, अडीचशे गेलो. अंगाला धूळ नाही! मला पाहायचं आहे, जातात कुठं."

मी नाही म्हणाले. नवराबायकोच्या मधे वायर मी ओढत नाही. पण त्या रडायला लागल्या. मग बसवली. आणि काय दिसलं? गाडी दिवसभर एकाच जागी, म्हणून ताई रिक्षानं जाऊन पाहून आल्या. क्लबमधले अर्धे लोक दुर्ग ओलांडलं की पहिल्या ढाब्यावर थांबायचे, खाटा टाकून झोपायचे, संध्याकाळी उठून घरी. जीपीएस हँडलवर, किल्ली खिशात, आणि साहेब लोक घोरत!

मिसेस ठवकर पुन्हा आल्या. हसत होत्या, हलक्या झाल्या होत्या. माझा हात हातात घेतला.

"किती सफाईचं काम केलं हो! ह्यांना अजून पत्ता नाही. तुमच्यासारखं वायरिंग कुणाला येत नाही."

मला भरून आलं. खोटं कशाला सांगू.

"पण," त्या म्हणाल्या, "हे काम तुम्ही केलं, हे कुणाला म्हणजे कुणाला सांगू नका हं!"

* * *

रूपालीला पाहायला पाहुणे आले, राजनांदगावचे. पोरगा चांगला, बोलणी जवळजवळ झालेली. होणाऱ्या सासऱ्यांनी सहज विचारलं, "रूपालीच्या आई काय करतात?"

मी पोह्यांच्या प्लेटी घेऊन दारात उभी. आदल्या दिवशीच सोल्डरिंगच्या कांडीनं बोट भाजलेलं, त्यावर पट्टी.

"घरीच असते," हे म्हणाले.

रूपाली पटकन बोलली, "अरे पापा, मम्मी तो वायरिंग का पूरा—"

"तू चूप!"

पाहुण्यांनी पट्टीकडे पाहिलं. "बोटाला काय झालं?"

"पोळ्या करताना," हेच म्हणाले. माझं बोट, आणि उत्तर यांचं!

पाहुणे गेल्यावर, हे जेवत असताना मी विचारलं, "सांगतलं असतं तं काय त्यांनी पोरगी नाकारली असती?"

"लोक म्हणतीन, बायकोच्या कमाईवर खाते."

"खातच तं आहे!"

त्यांनी ताट सरकवलं आणि उठले. चार घास राहिले होते. मी ते गाईला घातले.

* * *

आता शेवटचं.

क्लबनं मोठी टूर काढली. जगदलपूर, तिथून चित्रकोटचा धबधबा. या वेळी ढाबा नाही, खरोखर जायचं. सगळ्यांच्या गाड्या आमच्याकडे. जीपीएसचं वायरिंग मी नवं ओढलं. प्रत्येक गाडीचं हँडल डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण फिरवून पाहिलं, वायर कुठं ताणत नाही ना. प्रत्येक जीपीएसला त्याचा वेगळा छोटा फ्यूज. त्या फ्यूजचं काम एवढंच: काही बिघडलं तर डबा मरावा, गाडी जिवंत राहावी.

काम संपवून आदल्या दिवशी संध्याकाळी मी रूपालीला घेऊन पॉवर हाऊसच्या बाजारात साखरपुड्याची साडी घ्यायला गेले. सकाळी टूर निघाली. हार, फोटो, शिट्टी.

केशकालच्या घाटात खानझोडे साहेबांची गाडी वळणावर मेली. म्हणजे सगळंच मेलं. इंजिन बंद, लाइट बंद, हॉर्न बंद. चढ, वळण, मागून भरलेला ट्रक. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून साहेब आज आहेत. गाडीखाली हात सापडला, हाड मोडलं. टूर तिथूनच परतली.

चार दिवसांनी पिकअपमधून गाडी आली, आणि मागून अख्खा क्लब. प्लांटमध्ये अपघात झाला की इन्क्वायरी बसते. कारण शोधायचं, आणि एका माणसावर जबाबदारी टाकायची. तोवर कुणी उठत नाही. यांना तीच सवय! आमच्या गॅरेजमध्ये खुर्च्या मांडल्या, खानझोडे साहेब मधे बसले, हात गळ्यात बांधलेला. मिसेसही आल्या होत्या. हे गाडीपाशी उभे, फडक्यानं हात पुसत. हात स्वच्छ होते, तरी पुसत होते.

"वायरिंग कुणी केलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"वहिनींनी!" ठवकर बाबू म्हणाले.

"भौजी ने," साहू म्हणाला.

"हिनंच. मी तेव्हाच म्हणत होते," मिसेस खानझोडे म्हणाल्या.

काय सांगू! इतकी वर्षं 'वायरिंग माझं' म्हणून घसा कोरडा केला, एकाचा विश्वास बसला नाही. त्या दिवशी सगळ्यांचा एका झटक्यात बसला!

मी यांच्याकडे पाहिलं. हे खाली पाहत म्हणाले, "हाव साहेब. वायरिंगचं सारं तीच पाहते. पहिल्यापासून. माहा त्यात हात नाही. टेबल मी आजच उचलून टाकतो."

लग्नाला एवढी वर्षं झाली. माझ्या कामाची त्यांनी दिलेली ही पहिली पावती!

"टेबल मंग उचला," मी म्हणाले. "आधी गाडी खोलू. सर्वांसमोर."

सीट काढली, टाकी वर उचलली. सगळे वाकून पाहायला लागले. माझी वायर किल्लीच्या लाइनवरून येत होती. ती कापून बाजूला टाकलेली. माझा छोटा फ्यूज तसाच, अख्खा, कुणी विचारलेला नाही. आणि गाडीच्या मुख्य वायरला सोलून, पीळ मारून, काळी टेप गुंडाळून एक नवी वायर जोडलेली, छोट्या फ्यूजशिवाय. किल्ली बंद असली तरी जीपीएस चालू राहावा म्हणून. ती वायर हँडलच्या मानेपाशी ताणून बांधलेली. घाटात हँडल पूर्ण वळलं, वायर लोखंडावर घासली, सोलली, आणि ठिणगीनिशी गाडीचा मोठा फ्यूजच उडाला.

"हे माहं काम नाही," मी म्हणाले.

"आता तसं म्हणणारच," मिसेस खानझोडे म्हणाल्या.

मी शेजारच्या ठवकर बाबूंच्या गाडीची सीट उघडली. माझा सांधा दाखवला. सोल्डर मारलेला, वर रबरी नळी चढवून आवळलेली. मग साहेबांच्या गाडीतला दाखवला. पीळ आणि काळी टेप. पोळी आणि भाकरीत फरक करता येतो, तर एवढं दिसायला हरकत नव्हती.

"साहेब," मी म्हणाले, "मी साडी घ्यायले गेली होती, त्या संध्याकाळी तुमी गाडी घेऊन आले होते का?"

साहेब आपल्या बांधलेल्या हाताकडे पाहायला लागले.

"चहाला थांबलं की नकाशा बंद होतो," ते हळूच म्हणाले. "मी फक्त म्हटलं होतं, बंद नको व्हायला."

"कोणाले म्हटलं होतं?"

साहेबांनी गळ्यातली पट्टी सारखी केली. ठवकर बाबू छताकडे पाहत. साहूनं खिशातून गुटख्याची पुडी काढली आणि परत ठेवली. यांचं फडकं हातातच थांबलं.

"चाल, आत चाल," हे मला म्हणाले. आवाज एकदम मऊ. "घरचं घरी पाहू. टेबल राहू दे. म्या काही म्हटलं का?"

बघा, टेबल राहत होतं! तोंड बंद ठेवलं की राहत होतं. पुढची तक्रार येईपर्यंत.

खानझोडे साहेबांनी खुर्चीत अंग सावरलं. त्यांनाही सुटायचं होतंच. पुन्हा अध्यक्ष झाले. "हे बघा, आडून आडून बोलू नका. हा जॉइंट कुणी मारला? मला एक नाव पाहिजे."

नाव! रेशनच्या दुकानात, दवाखान्याच्या खिडकीवर, मतदानाच्या रांगेत, जिथं जिथं कुणी नवऱ्याचं नाव विचारलं, तिथं मी कार्ड पुढे केलं. कार्ड नसलं तर नणंदेला चिमटा काढला, तिनं सांगितलं. "अवो", "हे", "रूपालीचे बाबा", यातच जन्म गेला. बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासू म्हणायची. लग्नात एकदा घेतलं होतं, उखाण्यात, चांदीचं ताट आणि केळीचं पान लावून, मान खाली घालून.

"वहिनी, जाऊ द्या हो," ठवकर बाबू पुटपुटले.

मी टेस्ट लॅम्प टेबलावर ठेवला. पदर खोचला. साहेबांकडे नाही, सरळ यांच्या डोळ्यांत पाहिलं. ताट नाही, पान नाही, मागे 'राव' पण नाही.

"सुखदेव."